लायसन्सच्या भीतीने गप्प बसू नकोस

रेसिडेन्सीला, म्हणजे डॉक्टरांच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाला, अमेरिकेत व्हर्जिनियात आलास ना, मग एक गोष्ट आत्ताच डोक्यात ठेव. थकून पार गळून गेलास तरी मदत मागितली तर डॉक्टरकीचं लायसन्स जाईल म्हणून गप्प बसू नकोस, आम्ही बसलो होतो, शुद्ध मूर्खपणा. इथे 2020 च्या कायद्यानंतर मेडिकल सोसायटीचा, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या संघटनेचा, थकलेल्या डॉक्टरांना आधार देणारा सेफहेवन प्रोग्राम आहे, तिथे काउन्सेलरशी जे बोलशील ते गोपनीय राहतं आणि नुसतं नाव घातलं म्हणून लायसन्स देणाऱ्या बोर्डाला कळवायची सक्ती नाही. पण तुझ्यामुळे स्वतःला किंवा पेशंटला धोका असेल तर हे कवच चालत नाही, ते नीट वाच. दुसऱ्या राज्यात गेलास की नियम बदलतात, तिथल्या लायसन्सच्या फॉर्मवर मानसिक आरोग्याची फक्त सध्याची अडचण विचारलीय की जुनी सगळी हिस्ट्री ते बघ. आणि हॉस्पिटलच्या ईमेलवरून अपॉइंटमेंट घेऊ नकोस बाबा, स्वतःचा फोन वापर.