वाचकांचे प्रश्न : वासोट्याची वाट

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही काही मित्र बामणोलीमार्गे वासोट्याला जाणार आहोत. गडावर तंबू ठोकून रात्र काढल्यास वन्यप्राणी हमखास दिसतात, असे कोणी सांगितले. असा मुक्काम करता येतो का आणि वाघ दिसण्याची शक्यता किती? (एक वाचक, सांगली)

उत्तर : गडावर मुक्काम करता येत नाही, आणि ओळखीपाळखीने तो जमवून देतो म्हणणाऱ्यावर विसंबूही नये. वासोटा कोयना अभयारण्यात येतो. हे अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला, त्यामुळे वनखात्याच्या परवानगीने सकाळी जायचे आणि संध्याकाळ होण्याआधी परतायचे, एवढीच मुभा आहे. मुक्काम बामणोलीत किंवा जलाशयाकाठच्या एखाद्या गावात करावा, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि पहिल्याच लाँचने निघावे. शिवसागर जलाशयातून पायथ्याशी पोहोचण्यातच तास-दीड तास जातो, पुढची चढण साधारण दोन तासांची आहे, आणि उशिरा निघालेल्यांचे लक्ष जंगलापेक्षा घड्याळाकडेच अधिक राहते.

वाघाची आशा धरून जाऊ नये. या डोंगरांत वाघ फारच थोडे आहेत आणि त्यांचा माग बहुधा कॅमेरा ट्रॅपमधूनच लागतो. ताडोबासारखे उघडे रान आणि जिप्सीची फेरी इथे नाही. सदाहरित व निमसदाहरित झाडोऱ्यात वीस पावलांपलीकडचे दिसत नाही, म्हणून इथे डोळ्यांपेक्षा कान अधिक कामाला येतात. वानराचे खाकरणे किंवा भेकराचे भुंकणे एकाएकी सुरू झाले आणि थांबेना, तर बिबट्या किंवा रानकुत्री आसपास असू शकतात. शेकरू मात्र दिवसाच वावरते. वरच्या फांद्या हलल्या की थांबावे. झुपकेदार शेपटी लोंबताना दिसली, तर आपल्या राज्यप्राण्याची भेट झाली म्हणून समजावे. खोडावरचे अस्वलाच्या नखांचे ओरखडे आणि पायवाटेवरचे गव्याचे शेणही पाहण्यासारखे असते. मोठमोठ्याने गाणी लावून चढणाऱ्या गटाला यातले काहीच मिळत नाही, आणि मागून येणाऱ्यांचाही तो विरस करतो. म्हणून जमल्यास शनिवार-रविवार टाळावा.

माथ्यावरून बाबू कडा आणि समोरचा जुना वासोटा जरूर पाहावा. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहळे असतात, तेव्हा उग्र अत्तर लावू नये, विडी-सिगारेट तर मुळीच ओढू नये. प्लास्टिक शक्यतो नेऊ नये. नेल्यास मोजून परत आणावे.

प्रश्न : वाटेत गवा आडवा आला तर काय करावे? (एक वाचक, कराड)

उत्तर : जागीच थांबावे, आवाज न करता हळूहळू मागे सरावे आणि त्याला जाण्यास वाट मोकळी ठेवावी. गवा सहसा स्वतःहून झाडीत शिरतो. त्याला हाकलण्यासाठी दगड मारणे, वासराच्या आणि मादीच्या मध्ये येणे किंवा छायाचित्रासाठी चार पावले पुढे जाणे, यांतले काहीही जिवावर बेतू शकते.