वाचकांचे प्रश्न : वाड्याचे काम कुठून सुरू करायचे?

वडिलोपार्जित घर हाती आले आहे, नोकरी संपत आली आहे किंवा सोडायची आहे, आणि पुढची वर्षे त्याच घरात काढायची आहेत, अशा आशयाची बरीच पत्रे आली. त्यातल्या पाचांची उत्तरे इथे देत आहोत. स्थापत्य, सुतारकाम, चुनेकाम आणि मिळकतीची कागदपत्रे या विषयांतल्या जाणकारांनी ती दिली आहेत.

प्रश्न : वय 51. पुण्यातली नोकरी सोडून नाशिकमधल्या तिवंध्याजवळच्या माहेरच्या वाड्यात कायमचे राहायला यायचे आहे. दोन मजले, सागवानी खांब, पांढऱ्या मातीच्या भिंती. पुढच्या भागावर मंगलोरी कौले, मागे धाबे, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. त्यावर वडिलांनी सिमेंटचा कोबा करून घेतला होता. घर काही वर्षे बंद होते. कंत्राटदार म्हणतो, आधी आतले प्लास्टर आणि फरशी उरकू, म्हणजे राहता येईल. छप्पर पुढच्या वर्षी. चालेल का?

नाही. हा क्रम उलटा आहे. छपरातून पाणी येत असताना केलेले प्लास्टर पहिल्याच पावसाळ्यात फुगते आणि तेवढा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. छप्पर, मग घराभोवतीच्या पाण्याचा निचरा, मग लाकूड, मग भिंती, आणि फरशी व रंग सगळ्यात शेवटी, हा क्रम धरा. कंत्राटदाराला तो आवडणार नाही. पहिले सहा महिने दिसण्यासारखे काहीच होत नाही आणि बिल मात्र येत राहते.

सुरुवात धाब्यापासून करा, कारण धोका तिथे आहे. दर दोन-चार वर्षांनी गळतीवर नवी माती टाकायची पद्धत होती, जुनी मात्र कोणी काढली नाही. एका चौरस फुटावर एक इंच माती म्हणजे साधारण 4 किलो वजन. 10 बाय 12 फुटांच्या खोलीवर 9 इंच माती असेल तर कड्यांवर, म्हणजे छत तोलणाऱ्या आडव्या लाकडांवर, चार टनांहून अधिक भार आहे, आणि भिजल्यावर तो आणखी वाढतो. वर कोबा असल्याने दुसरी अडचण येते. कोबा आणि भिंत जिथे मिळतात तिथे केसाएवढी भेग पडतेच. पाणी त्यातून आत जाते, पण वाफ होऊन बाहेर पडायला वाट राहत नाही. माती बारा महिने दमट राहते आणि कड्यांची भिंतीत गेलेली टोके कुजतात. खालून पाहिले तर कडी मधोमध शाबूत दिसते, म्हणून फसगत होते.

तपासणी अशी करा. प्रत्येक कडी आणि तिच्याखालची मोठी तुळई यांच्या टोकाजवळ, भिंतीला लागूनच, हातोडीने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तिथे अरी (टोकदार टोचणी) दाबून पाहा. ती सहज आत गेली तर भिंतीचा तेवढा भाग उकरून टोक उघडे करावे लागेल. हे काम जुन्या घरांचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरसमोर करा. इंजिनिअर फक्त काँक्रीटचा असेल तर ‘पाडा’ एवढाच सल्ला मिळण्याची शक्यता मोठी.

माती काढण्याआधी खालून टेकू द्या. वरच्या मजल्यावर जॅक लावला तर त्याच रेषेत खालच्या मजल्यावरही लावा, नाहीतर भार खालच्या पाटणीवर, म्हणजे मजल्याच्या लाकडी फळ्यांवर, येतो. माती दोन्ही बाजूंनी सारखी, थराथराने काढा. एकाच कोपऱ्यात ढीग करू नका. अशा ढिगाने पाटणी बसल्याची उदाहरणे आहेत. वाकलेली तुळई जॅकने एका दिवसात सरळ करण्याचा मोहही टाळा. ती त्या बाकात कित्येक वर्षे स्थिर आहे. जोर लावलात तर वरची भिंत तडकेल. कुजलेल्या टोकासाठी तुळई बदलावी लागतेच असे नाही. कुजका भाग कापून, दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनेल किंवा जाड पट्ट्या बोल्टने आवळून नवे टोक देता येते. मापे इंजिनिअरकडून घ्या. नवीन लाकूड घालायचे असेल तर पाडलेल्या घरांतले जुने सागवान शोधा. ते वाळलेले असते, नंतर पिळत नाही.

खांबांचे बुंधे पाहायला विसरू नका. खांब मुळात दगडी तळखड्यावर उभा असतो. पण शहाबादीवर मोझॅक, मोझॅकवर टाइल असे करत जमीन चार-सहा इंच वर आलेली असते आणि तळखडा खाली गाडला जातो. मग खांब थेट ओल्या भरावात उभा राहतो. प्रत्येक खांबाभोवती फूटभर फरशी फोडून तळखडा उघडा करा. पाच-सहा इंचच कुजले असेल तर तेवढे कापून दगडाची उंची वाढवतात. अर्थात टेकू दिल्यावरच.

कौलांचे काम त्या मानाने सोपे. सगळी उतरवा, बोटाने वाजवून पाहा. खणखणीत वाजतील ती पुन्हा वापरा. 100 चौरस फुटांना 140 ते 150 कौले लागतात. दहा टक्के जादा आणून ठेवा. रीपांमधले (कौले टेकतात त्या लाकडी पट्ट्यांमधले) अंतर नव्या कौलाच्या मापाने नाही, तुमच्याकडच्या जुन्या कौलाच्या खाचेवरून ठरवा. कंपनीगणिक अर्धा-पाऊण इंच फरक पडतो आणि तेवढ्यानेच कौल नीट बसत नाही.

वेळापत्रक : फेब्रुवारी ते मे छप्पर आणि लाकूड. मग एक पावसाळा जाऊ द्या. या चार महिन्यांत घरात बादल्या नव्हे, खडू घेऊन फिरा. जिथे ओल दिसेल तिथे तारीख घालून खूण करा. दिवाळीनंतर भिंती हातात घ्या. म्हणजे नोकरीचा राजीनामा आज देण्याचे कारण नाही. इंजिनिअरचा अहवाल हातात आल्यावर आणि छप्पर झाल्यावर तो विचार करा, आणि अंदाजपत्रकाच्या वर निदान चौथा हिस्सा रक्कम बाजूला ठेवा. भिंत उघडल्याशिवाय खरा आकडा कळत नाही.

प्रश्न : पंचवटीतल्या आमच्या घराला खालून तीन फुटांपर्यंत ओल चढते, पांढरा लोणा (क्षारांची पूड) येतो. दोनदा वॉटरप्रूफ सिमेंट प्लास्टर केले, दोन्ही वेळा ते पडले. चुन्याचे प्लास्टर करावे असे कोणी सांगितले. कसे करतात?

प्लास्टर निकृष्ट होते असे नाही, ते चुकीच्या भिंतीवर होते. माती आणि चुन्याची भिंत जमिनीतले पाणी वर ओढते आणि अंगातून हवेत सोडते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की पाणी आणखी वर चढते आणि बरोबर आलेले क्षार प्लास्टरच्या मागे साठतात. त्यांचे स्फटिक फुगतात आणि प्लास्टरला ढकलून पाडतात. जाताना ते भिंतीचा पापुद्राही घेऊन जातात.

आधी बाहेरचे पाणी बघा. गल्लीतला रस्ता थरावर थर चढून जोत्याच्या (घराच्या चौथऱ्याच्या) बरोबरीला आला आहे का? पन्हाळीचे पाणी भिंतीच्या बुडाशी पडते का? जागा असेल तर भिंतीपासून फूट-दीड फूट सोडून दीड-दोन फूट खोल चर घ्या. तळाला 1:100 उतार द्या, छिद्रांचा पाइप टाका आणि वर खडी भरा. चर पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नका, पाया मोकळा होतो. आत भिंतीला चिकटून टाइल असतील तर सहा इंचांची पट्टी काढून तिथे चुन्यातली शहाबादी बसवा.

मग सिमेंट प्लास्टर ओलीच्या रेषेच्या दोन फूट वरपर्यंत काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुवायचा नाही, धुतला की तो पुन्हा आत जातो. भिंत किमान एक उन्हाळा उघडी ठेवा.

चुना : भाजलेला कळीचा चुना पाण्यात विरवून, किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवलेला हवा, दोन-तीन महिने मुरला तर फारच चांगला. विरवताना आधी पाणी आणि त्यात थोडा थोडा चुना घाला, उलट नाही. मिश्रण उकळून उडते आणि डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. पिशवीतली चुन्याची कोरडी पूड रंगाला ठीक, प्लास्टरला तिची ताकद भरवशाची नसते.

प्रमाण 1 भाग मुरलेला चुना, 1 भाग विटांची सुरखी (भाजक्या विटांची पूड), 2 भाग धुतलेली चाळलेली वाळू. 10 बाय 10 फुटांच्या भिंतीवर 12 मिमी थरासाठी साधारण 45 लिटर मुरलेला चुना लागतो. सुरखी भट्टीच्या जुन्या विटांची घ्या. सिमेंटच्या विटांचा चुरा सुरखी म्हणून विकला जातो, तो नको. चुन्यात घालायच्या गूळ-हिरड्याच्या पाण्याचे प्रमाण गवंड्यागणिक बदलते. गूळ जास्त झाला तर प्लास्टर आवळायला वेळ लागतो आणि मुंग्या येतात, एवढे लक्षात असू द्या.

भिंत ओली करून पहिला हात मारा, पृष्ठभाग खरखरीत ठेवा, आठ-दहा दिवस थांबा, मग दुसरा. ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो आणि त्याला त्या काळात दमटपणा लागतो. एप्रिलच्या उन्हात हे काम केले तर प्लास्टर घट्ट होण्याआधीच वाळते आणि हात लावला की पीठ निघते. दिवाळी ते होळी हा नाशकातला चांगला काळ. वर चुन्याची सफेदी, तीन पातळ हात. पुट्टी आणि प्लास्टिक इमल्शन लावले तर पुन्हा सिमेंटचाच प्रकार होतो.

प्रश्न : खांबांवरचा जुना ऑइल पेंट काढून सागवान उघडे करायचे आहे. वाळवीचेही औषध मारायचे आहे. कॉस्टिक सोडा चालेल का?

सोडा नको, लाकूड काळे पडते आणि नक्षीच्या खाचांत राहिलेला अंश पुढे वर्षभर पॉलिश उखडत राहतो. पेंट रिमूव्हर आणि लाकडी किंवा बोथट पत्र्याची खुरपणी वापरा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नका आणि मास्क लावा. नंतर जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात, पातळ हात. त्या तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका. ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, सालीलगतच्या फिकट लाकडाला लागते. औषध जमिनीत द्यायचे : भिंत आणि फरशीच्या सांध्यावर फुटाफुटावर 12 मिमीची छिद्रे आणि प्रत्येकात एक लिटरपर्यंत द्रावण. इमिडाक्लोप्रिड 30.5 एससी असेल तर एका लिटर पाण्यात सुमारे 2 मिली. चौकात आड (विहीर) असेल तर त्याच्या आसपास हे करू नका, मग आड कितीही वर्षे वापरात नसो.

प्रश्न : सराफ बाजारामागे घर आहे. पुराचे पाणी तळमजल्यात येते. पाडून नवे बांधणे बरे नाही का?

पाडण्याआधी पूररेषेच्या नकाशावर घर कुठे येते ते महापालिकेत पाहा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाचे नियम कडक आहेत. आज उभे असलेले घर पाडल्यावर तेवढेच पुन्हा बांधता येईल हे गृहीत धरू नका.

2008 आणि 2016 च्या पुरांत पाणी कुठवर आले याची खूण घरात कुठे तरी असतेच. त्याच्या फूटभर वरपर्यंत चुन्याचे प्लास्टर, चुन्यात बसवलेली दगडी फरशी, आणि प्लगपॉइंट, मीटर व बोर्ड त्या रेषेच्या वर. प्लायवूडचे काहीही खाली नको. पाणी ओसरल्यावर हीटर किंवा हॅलोजन लावून भिंती वाळवू नका. बाहेरचा थर आक्रसतो आणि सुटतो. दारे-खिडक्या उघड्या ठेवा, पंखे लावा आणि दोन-तीन महिने धीर धरा.

प्रश्न : बहीण-भावांची तयारी आहे. निवृत्तीनंतर पत्नी वाड्यात चार खोल्यांचा होमस्टे चालवणार आहे. सिंहस्थापूर्वी सुरू व्हावा अशी इच्छा. एक जुना भाडेकरू आहे. काय काय लागेल?

कागद आधी. घरपट्टीवर नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, वारस नोंद करा. ‘आम्हाला काही नको’ हे बहिणीने तोंडी म्हणणे पुरेसे नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मतः आहे, वडील हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीआधी वारले असले तरीही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केले आहे. कर्ज देताना बँकही हेच कागद मागेल. भाडेकरूला दुरुस्तीसाठी तात्पुरते हलवायचे तर परत येण्याच्या अटीसह लेखी करार करा. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्याला आहे, आणि छपराचे पत्रे काढून त्याला घालवण्याचा मार्ग शेवटी कोर्टातच जातो.

व्यवसाय पत्नीच्या नावे आणि त्यांनीच चालवलेला असेल तर राज्याच्या 2023 च्या ‘आई’ महिला पर्यटन धोरणात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून, कर्ज घेण्याआधीच अटी वाचा.

सिंहस्थाची पहिली पर्वणी 2 ऑगस्ट 2027 ला, म्हणजे ऐन पावसाळ्यात आहे. छप्पर एका पावसाळ्यातून निघालेले नसेल तर त्या गर्दीत पाहुणे ठेवू नका. दोनच खोल्या नीट करा आणि बाकीच्या नंतर.

संडास-बाथरूम माडीवर, लाकडी पाटणीवर काँक्रीट ओतून करू नका. परसात स्वतंत्र खांबांवर, जुन्या भिंतीपासून दोन इंच सुटा मनोरा उभा करा आणि माडीवरून त्यात दार काढा. 110 मिमीच्या पाइपाला 1:40 ते 1:60 उतार लागतो. म्हणून जागा ठरवण्याआधी गल्लीतल्या गटाराच्या चेंबरची तळपातळी मोजून घ्या. रस्ता उंच झालेल्या गल्ल्यांत ती तळमजल्याच्या फरशीच्या वर निघते. तसे असेल तर तळमजल्यावर संडास नको, किंवा पाणी उलटे न येणारा झडप लावावा लागेल. तो झडप दर पावसाळ्याआधी उघडून साफ करता येईल असे झाकणही ठेवा. बहुतेक प्लंबर ते फरशीखाली गाडतात.

वीज : लाकडी पट्टीतले जुने वायरिंग पूर्ण काढा. लाकूडकामावरून नवी तांब्याची वायर लोखंडी कंड्युटमधूनच न्या, दिव्यांना 1.5, प्लगला 2.5, गिझरला 4 चौरस मिमी. मुख्य बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि परसात नवे अर्थिंग. नळाच्या पाइपाला जोडलेले जुने अर्थिंग धरू नका. पाइप मध्येच कुठे प्लॅस्टिकचा झाला असेल तर ते अर्थिंग उरतच नाही.