गोळी महिनाभर कपाटातच आहे

‘माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) सांगून मिथाइलफेनिडेटची गोळी लिहून दिली. मिस्टर म्हणतात, व्यसन लागेल. सासूबाई म्हणतात, लाडानं बिघडलाय, दोन रट्टे द्या. रोज अभ्यासावरून रडारड होते, आता मलाही रडू येतं. काय करू?’
– एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

ताई, एडीएचडी लाडानं होत नाही आणि मारानं जात नाही. लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं ही मेंदूची कामं या मुलांत वेगळ्या गतीनं विकसित होतात, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मिस्टर लहानपणी कसे होते, हे सासूबाईंना एकदा निवांत वेळी विचारा. दोष काढायला नको, पण जुन्या आठवणी निघाल्या की नातवावरचा राग पुष्कळदा निवळतो.

मिस्टरांची भीती मला समजते. हे औषध खास चिठ्ठीशिवाय मिळत नाही, कारण त्याचा गैरवापर होऊ शकतो. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरवून दिलेल्या डोसमध्ये घेतल्यानं मुलं व्यसनी होत नाहीत. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं, डोकं किंवा पोट दुखणं हे त्रास मात्र होऊ शकतात. म्हणून गोळी बहुधा सकाळी नाश्त्याबरोबर देतात आणि वजन, उंची, नाडी, बीपी अधूनमधून तपासतात. घरात कुणाला हृदयविकार असेल, कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते आधी सांगा. महिना उलटलाय, तेव्हा डॉक्टरांना पुन्हा दाखवूनच सुरू करा. त्या भेटीला मिस्टरांना न्याच. त्यांचे प्रश्न त्यांनीच विचारू देत.

नुसत्या गोळीवर मात्र विसंबू नका. घरातल्या मोठ्यांनी वागण्याची पद्धत बदलणं हाही उपचारच आहे, आणि माझ्या मते तोच जास्त कष्टाचा. स्वयंपाकघरातून ‘आंघोळ कर, डबा घे, बूट घाल’ असं एका दमात ओरडलं, तर त्याच्यापर्यंत त्यातलं फारतर ‘आंघोळ’ पोहोचतं. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एकच काम सांगा. शाळेतून आल्यावर आधी खाणं, मग गल्लीत मनसोक्त फुटबॉल, आणि मगच अभ्यास. तीनच गणितं दिसतील असं बाकीचं पान कोऱ्या कागदानं झाका. ती झाली की लगेच सांगा, ‘तिन्ही गणितं न उठता केलीस.’ मग पाच मिनिटं हुंदडू द्या आणि पुढची तीन उघडा. सगळी बरोबर येण्याचा हट्ट सध्या सोडा.

वर्गशिक्षिकांना विश्वासात घ्या. पहिला बाक, खिडकी-दारापासून लांब, आणि मधूनच वह्या वाटायचं काम एवढं मिळालं तरी पुष्कळ. वाचन-लेखन फारच अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणीही करून घ्या. दोन्ही एकत्र असणं नेहमीचं आहे, आणि अध्ययन अक्षमतेचा दाखला असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.

खाजगी फी जड जात असेल, तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवा. आणि तुमच्या स्वतःच्या रडण्यासाठी 14416 ला फोन करा. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलाचं निमित्त सांगायची गरज नाही.