गाडी गॅरेजात नेण्याआधी

बाबू,

काल बोरीच्या उतारावर तुझ्या गाडीची एका स्कूटरवाल्याला धडक बसली, तो तुझा मेसेज सकाळी वाचला. "काका, तो उठून स्कूटर ढकलत गेला, कांय जावंक ना, काही झालं नाही म्हणाला, दोन हजारही घेतले. म्हणजे मिटलं ना?" नाही मिटलं. तू घाबरलास त्यावर मी भांडत नाही. पण नोंद झालेली नाही, आणि नोंद होत नाही तोवर माझ्या लेखी अपघात संपलेलाच नसतो.

आधी तो माणूस. डोक्याला मार लागलेला माणूस उभा राहतो, बोलतो, पैसे खिशात घालतो आणि काही तासांनी कोसळतो. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत असतं, वरून काही दिसत नाही. पोटातल्या माराचंही तसंच. हेल्मेट नव्हतं असं तूच लिहिलं आहेस. पैसे फोनवरून पाठवलेस म्हणजे त्याचा नंबर तुझ्याकडे आहे. हे वाचायचं थांबव आणि त्याला फोन लाव. उलटी, चक्कर, सारखी झोप असं काही असेल तर 108 ची रुग्णवाहिका आणि थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ. रस्ते अपघातातल्या जखमींना पहिले सात दिवस, दीड लाखापर्यंत, रोख न भरता उपचार मिळावेत अशी केंद्राची योजना 2025 मध्ये आली. पण तिथेही अपघात झाला याला पोलिसांचा दुजोरा लागतोच. बघ, फिरून नोंदीवरच आलो.

आता तू. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 134. जखमीच्या उपचाराची सोय करायची, 24 तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवायचं आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. जमाव खवळला असेल तर जखमीपाशी थांबण्यातून कायदा सूट देतो, ठाण्यात जाण्यातून नाही. आणि बोरीच्या उतारावर काल कसला जमाव? एक सायकलवाला पोदेर, पाव विकणारा, होता म्हणतोस. तो साक्षीदार आहे, त्याला शोधून ठेव.

वडील म्हणतात, गाडी मीच चालवत होतो असं सांगू. त्यांची माया मला कळते, पण हे ऐकून डोकं फिरलं. तुझं लायसन्स पक्कं, विमा चालू, दारूचा थेंब नाही. मग लपवायचं काय? त्या माणसाला खरंच इजा झाली असेल तर अपघात भरपाईचं ट्रायब्युनल, म्हणजे न्यायाधिकरण, ठरवेल ती भरपाई थर्ड पार्टी विम्यातून कंपनी देते. विमा त्यासाठीच असतो. खोटा ड्रायव्हर उभा केलात तर उलटतपासणीत तुम्ही दोघेही अडकाल, आणि कंपनीला हात झटकायला निमित्त मिळेल ते वेगळंच. बंपर आज ठोकून घेऊ नका. आधी फोटो काढा, विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला येऊ द्या. दुरुस्त होऊन आलेल्या गाडीवर आम्ही सर्व्हेअर काय बघणार, रंग?

"काकांचं काय जातं सांगायला" असं तुला वाटत असेल. माझ्या भाच्याला त्याच्या अपघातानंतर मीच हात धरून ठाण्यात नेलं होतं. समोरचा वाचला नाही. केस उभी राहिली, पोराची दुबईची नोकरी हुकली. बहीण तेव्हापासून गणेश चवथीला माझ्याकडे येत नाही. तिच्या मते मी पोराचं वाटोळं केलं. त्या बाईला, मेलेल्याच्या बायकोला, विम्याचे पैसे मिळाले ते त्या नोंदीमुळे, हे मी बहिणीला तोंडाने सांगितलं, पत्रानेही कळवलं. वाटोळं झालं असेल तर ते वेगाने झालं, कागदाने नाही. गणपतीवरची माटोळी, फळापानांची सजावट, बांधताना दर वर्षी हाच वाद मी एकटा घालत बसतो. वाईट वाटतं, खूप वाटतं. तरी उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन.

असो. तुझं काम एवढंच: घडलं तसं सांग. चूक कुणाची हे तू ठरवायचं नाही, स्वतःची कबूल करायची नाही आणि त्याच्यावर ढकलायची तर मुळीच नाही. किती वेगात होतास, ब्रेक कुठे लावलास, तो कुठल्या बाजूने आला. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. जे सांगशील त्याची दप्तरी नोंद झाली का ते विचार, नंबर मागून घे.

तूच लिहिलंस की धडक काल संध्याकाळी सातच्या सुमारास झाली. म्हणजे आज सातपर्यंत वेळ आहे. लायसन्स, आरसी, विम्याचा कागद घेऊन पाचला फोंड्याच्या पोलीस ठाण्यापाशी ये, मी बाहेर उभा असेन. वडिलांना आणायचं तर आण, पण बोलायचं तू.

तुझा,
काका