वेजवुड या इंग्रजी कंपनीच्या निळ्या भांड्यांवरची पांढरी नक्षी रंगवलेली असते की कोरलेली?

दोन्ही नाही. ती चिकटवलेली असते.

ही भांडी ज्या मातीची असतात, तिला जॅस्पर म्हणतात. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचे कुंभार जोसाया वेजवुड यांनी हजारो प्रयोगांनंतर १७७०च्या दशकात ती तयार केली. यातली गोम म्हणजे बेरियम सल्फेट. त्यामुळे माती बारीक पोताची होते आणि धातूंच्या ऑक्साइडने छान रंगते. निळा येतो तो कोबाल्टमुळे.

नक्षीसाठी उथळ साच्यात ओली पांढरी माती अंगठ्याने दाबून भरतात, वरची जादा माती पात्याने सपाट काढतात आणि आतली आकृती अलगद उचलतात. (मोदकाचा साचा वापरणाऱ्यांना यातली धाकधूक कळेल!) मग पाण्याचा हात लावून ती न भाजलेल्या भांड्यावर बसवायची. खाली हवा राहिली किंवा भट्टीत दोन्ही माती सारख्या आकसल्या नाहीत, तर नक्षी तडकते नाहीतर सुटते. वरून चकाकीचा लेप देत नाहीत, म्हणून हाताला ती मॅट लागते.

वेजवुड यांची खरी परीक्षा झाली पोर्टलँड व्हेजच्या वेळी. ते प्राचीन रोमन काचपात्र काळ्या जॅस्परमध्ये हुबेहूब उतरवायला त्यांना सुमारे चार वर्षं लागली. १७९०मध्ये त्यांनी ती प्रतिकृती लोकांसमोर मांडली. मूळ पात्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मला मात्र त्यांचं १७८७चं गुलामगिरीविरोधी पदक जास्त मोलाचं वाटतं. साखळदंडातला, गुडघ्यावर बसलेला माणूस, तोही याच मातीत.