भाषेमुळे विचार बदलतात, की विचार आधी असतो आणि भाषा नुसती तो पोचवते?

दोन्ही टोकं सोडून द्या. शब्द नाही म्हणजे विचारही नाही, हे काही खरं नाही. बोलता न येणारं बाळसुद्धा लपवलेलं खेळणं शोधतंच की! भाषा विचारांना कोंडून घालत नाही, लक्ष कुठे द्यायचं याची सवय लावते. ऑस्ट्रेलियातल्या गुगु यिमिथिर भाषेत हाताशी ठेवलेल्या वस्तूची जागाही डावी-उजवी अशी नाही, तर पूर्व-पश्चिम अशी सांगतात. साहजिकच बोलणाऱ्याला कायम दिशांचं भान ठेवावं लागतं.

माझं काम प्रश्नावल्या तयार करण्याचं. त्यामुळे भाषा कोणती यापेक्षा वाक्य कसं मांडलंय, याकडे माझं जास्त लक्ष असतं. १९७४ साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना तोच प्रश्न 'आदळून चक्काचूर झाल्या' अशा अर्थाचं क्रियापद घालून. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. इथवर ठीक आहे, अंदाजच तो. पण आठवड्याने त्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी 'चक्काचूर' गटातल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले आणि 'धडकल्या' गटातले ७. वेगाबद्दल काहीच न विचारलेल्या ५० जणांत ६. एका क्रियापदाचा हा प्रताप, आणि तोही आठवडाभर टिकलेला.

निर्णयांचंही तेच. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांचा १९८१चा प्रयोग: साथीत ६०० माणसं मरण्याची भीती आहे. एक उपाय खात्रीचा, दुसरा जुगार. खात्रीच्या उपायाने '२०० वाचतील' असं सांगितलं तेव्हा ७२ टक्के लोकांनी तो निवडला. '४०० मरतील' असं सांगितल्यावर फक्त २२ टक्क्यांनी. हिशोब अगदी तोच!

यापुढची गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते. २०१२ मध्ये बोआझ केसार आणि सहकाऱ्यांनी असेच प्रश्न लोकांना मागाहून शिकलेल्या भाषेत विचारले, तेव्हा मांडणीचा हा परिणाम जवळपास नाहीसा झाला. मला वाटतं, मातृभाषेतलं 'मरतील' थेट काळजाला भिडतं, शिकलेल्या भाषेतलं आधी डोक्यातून जातं. म्हणून महत्त्वाचे निर्णय परक्या भाषेत घ्या, असा सल्ला मात्र मी देणार नाही. ती भाषा कच्ची असेल तर मुद्दाच निसटायचा.

त्यापेक्षा वाक्य उलटं करून बघा. डॉक्टर म्हणाले, 'शंभरातले नव्वद बरे होतात', तर 'दहा होत नाहीत' असंही मनात म्हणा आणि मग ठरवा. मी कामात हेच करतो: शंका आली की प्रश्नाची दोन रूपं करून निम्म्या-निम्म्या लोकांना देतो आणि उत्तरांत फार तफावत दिसली तर तो प्रश्नच काढून टाकतो.