थायलंडमध्ये एमजी ही ब्रिटिश गाडी एवढी कशी दिसते? आणि तिथल्या बहुतेक गाड्यांची इंजिनं लहान का?

ब्रिटिश आता फक्त बिल्ला उरलाय. एमजी म्हणजे ऑक्सफर्डचं मॉरिस गॅरेजेस. २००५ मध्ये एमजी रोव्हरचं दिवाळं निघालं, मालमत्ता चीनच्या नानजिंग ऑटोमोबाइलने घेतली आणि पुढे नानजिंगच शांघायच्या साइक कंपनीत विलीन झाली. साइकने थायलंडमध्ये तिथल्या बलाढ्य सीपी समूहाशी भागीदारी करून कारखाना काढला. चिनी नावापेक्षा जुनं इंग्रजी नाव खपवायला सोपं, हे उघड गणित. शिवाय थायलंडात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, म्हणजे उजव्या स्टिअरिंगची गाडी तिथे बनवून इतर देशांतही पाठवता येते.

लहान इंजिनांमागे मुख्यतः कर आहे. २००७ च्या 'इको कार' योजनेत अट होती: पेट्रोल इंजिन १३०० सीसीपर्यंत, १०० किलोमीटरला जास्तीत जास्त ५ लिटर इंधन. त्या बदल्यात अबकारी कर १७ टक्के. साध्या गाडीला तेव्हा किमान ३०. २०१० मध्ये आलेली निसान मार्च ही यातली पहिली. आपल्याकडे तीच मायक्रा म्हणून विकली गेली, काहींना आठवत असेल.

गंमत म्हणजे एमजी-३ आणि झेडएस यांची इंजिनं दीड लिटरची, त्यामुळे त्या 'इको'च्या चौकटीत बसल्याच नाहीत. त्यांचा भर राहिला कमी किमतीत भरपूर फीचर्स देण्यावर. भारतात २०१९ मध्ये हेक्टर आणतानाही एमजीने हाच डाव टाकला होता.